अशनी घेताना टायटल कोण बघणार?

पुण्याच्या एका वाचकांचं चार पानी पत्र आलंय. त्याचा सारांश असा:

वय ६१. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त. निवृत्तीनंतर एका व्याख्यानाला गेले, तिथे वक्त्यांनी एक अशनी, म्हणजे आकाशातून जमिनीवर पडलेला दगड, श्रोत्यांच्या हातातून फिरवली आणि यांना वेड लागलं. आज कपाटात अर्जेंटिनाच्या काम्पो देल सिएलोचं लोखंड आहे, रशियाच्या सिखोते-अलिनचा तुकडा आहे, मेक्सिकोच्या आयेंदेचा नखाएवढा कपचा आहे, सहाराच्या वाळवंटातून आलेल्या दोन-तीन दगडी अशनी आहेत आणि लोणारच्या काठावर एका मुलाकडून घेतलेली 'उल्का' आहे. एकूण खर्च चार लाखांच्या घरात. पत्नी निवृत्त भूगोल शिक्षिका; त्यांना आकडा तीस हजारांच्या आतला सांगितलाय. आता युरोपातला एक विक्रेता नामिबियाच्या गिबिऑन अशनीची ८५० ग्रॅमची, आम्लाने आतल्या स्फटिकांची नक्षी उमटवलेली चकती सव्वादोन लाखांना देतोय. 'जुन्या संग्रहातला माल', सोबत प्रमाणपत्र, पण शनिवारपर्यंत हो-नाही सांगायचं. मुलगा जर्मनीत असतो, तो दिवाळीला येताना बॅगेतून आणेल, म्हणजे कस्टमची कटकट नाही. वाचक विचारतात: "घेऊ का? एफडीपेक्षा तर नक्कीच वाढेल. नामिबियाच्या कायद्याबद्दल वाचलं, पण आकाशातून पडलेल्या दगडावर कुणाचा हक्क कसा असेल? आणि बायकोला कसं समजावू? तिला दगडच दिसणार." ता.क. मध्ये आणखी एक प्रश्न: काम्पोच्या तुकड्यावर या पावसाळ्यात तपकिरी थेंब दिसू लागलेत, काय करावं?

नमस्कार.

आधी शनिवारचं बोलू. शनिवार जाऊ द्या. गिबिऑनच्या चकत्या बाजारात काही दुर्मीळ नाहीत. ही गेली तर काही महिन्यांत दुसरी समोर येईल. "साहेब, आजच मंजूर करा, उद्या पार्टी हातची जाईल," असं म्हणत केबिनमध्ये बसलेल्या बिल्डरचं तुम्ही काय करत होतात, ते आठवा. मला वाटतं फाइल खालच्या गठ्ठ्यात जात असेल. या विक्रेत्याचीही तिथेच जाऊ द्या.

तुमचं पत्र वाचताना मला एका गोष्टीचं नवल वाटत राहिलं. सारी नोकरी तुम्ही सर्च रिपोर्ट मागण्यात घालवलीत. तीस वर्षांचा सातबारा, फेरफार, वारसांच्या सह्या, यातलं एक जरी कमी असलं तरी कर्ज अडवलं असणार. आणि इथे सव्वादोन लाखांच्या लोखंडाच्या बाबतीत 'जुन्या संग्रहातला माल' एवढ्या तीन शब्दांवर तुमचं समाधान झालं. जमिनीला जे लावत होतात तेच इथे लावा. या प्रश्नातला बराचसा गुंता तिथेच सुटेल.

गिबिऑनचंच घ्या, कारण या जिनसाचा इतिहास तुम्हाला विकत घ्यायच्या आधी ठाऊक असायला हवा. नामिबियाच्या दक्षिणेला, गिबिऑन गावाभोवती, शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात हे लोखंड विखुरलेलं सापडतं. तिथले नामा लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची हत्यारं करत आले. १८३०च्या दशकात कॅप्टन जेम्स अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याचे नमुने लंडनला नेले आणि खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी तपासून ते आकाशातलं लोखंड असल्याचं सांगितलं. पुढे १८८४ ते १९१५ हा मुलूख जर्मनांची वसाहत होता. त्या काळात बरेच तुकडे जर्मनीत आणि तिथून युरोपभर गेले. म्हणजे तुमचा विक्रेता म्हणतो तसा 'जुना माल' खरोखर अस्तित्वात आहे. म्हणूनच तर ही गोष्ट सांगायला सोयीची! कारण त्यानंतरही, मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांनी वाळवंटातून उचललेला बराच माल बाजारात आला. आज नामिबियात हा राष्ट्रीय वारसा आहे. परवान्याशिवाय तो हलवणं किंवा देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. राजधानी विंडहुकच्या पोस्ट स्ट्रीट मॉलमध्ये गिबिऑनचे मोठाले तुकडे खांबांवर बसवलेले आहेत, येणारे-जाणारे त्यांना हात लावून बघतात. तुमची चकती वसाहतीच्या काळात बाहेर आली की काल-परवा, हे तिच्याकडे बघून कुणालाही सांगता येणार नाही. नक्षी दोन्हीवर सारखीच. सांगू शकतात ते फक्त कागद.

आता तुमचा मुख्य प्रश्न: आकाशातून पडलेल्या दगडावर कुणाचा हक्क कसा? वाक्य ऐकायला छान आहे. पण तो दगड आकाशात असताना तुम्ही विकत घेत नाही, कुणाच्या तरी जमिनीवर पडल्यावर घेता. आणि तिथून उचलणारा माणूस, विकणारा माणूस, विकत घेणारा माणूस हे तिघं बहुधा तीन वेगवेगळ्या देशांतले असतात. ज्याच्या अंगणात पडला त्याच्या हातात सगळ्यात कमी पैसे पडतात.

ग्रीनलंडच्या केप यॉर्कचं उदाहरण जुनं आहे, पण मला ते अजून टोचतं. तिथले इनुइट लोक शेकडो वर्षं एका अवाढव्य अशनीचं लोखंड ठोकून काढायचे आणि त्याची सुऱ्यांची, भाल्यांची पाती करायचे. ज्या भागात लोखंडाची खाण नाही, तिथे हाच त्यांचा धातू. रॉबर्ट पेअरी हा अमेरिकन शोधप्रवासी तिथे पोचला, त्याने तीन तुकडे जहाजावर चढवले, त्यातला सर्वांत मोठा सुमारे ३१ टनांचा तुकडा १८९७ मध्ये न्यूयॉर्कला नेला आणि पुढे ते सगळं तिथल्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयाला ४०,००० डॉलरना विकलं गेलं. आजही ते तिथेच आहेत. कायदा मोडला असं म्हणता येणार नाही, कारण मोडायला कायदाच नव्हता. पण ते कुणाचंच नव्हतं, असं म्हणायची तुमची तयारी आहे का?

ताजं उदाहरण हवं असेल तर नायजरचं घ्या. २०२३ मध्ये तिथल्या वाळवंटात मंगळावरून आलेला सुमारे पावणेपंचवीस किलोचा दगड सापडला. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो जवळपास ५३ लाख डॉलरना गेला. त्यानंतर नायजर सरकारने चौकशी जाहीर केली: हा आमच्या देशातून बाहेर गेलाच कसा? लिलावगृहाचं म्हणणं, सगळं नियमाप्रमाणे झालं. कोण बरोबर याच्यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की घेणाऱ्याने ५३ लाख डॉलर मोजले आणि सोबत एका देशाचं भांडणही घरी नेलं.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, हे खरं. अमेरिकेत खासगी जमिनीवर पडलेली अशनी जमीनमालकाची. ऑस्ट्रेलियातून बाहेर न्यायची तर परवाना लागतो. अंटार्क्टिकावरून हजारो अशनी गोळा झाल्या आहेत, पण त्या संशोधनासाठी. बाजारात येत नाहीत, आणि कुणी 'अंटार्क्टिकाची' म्हणून विकत असेल तर दोन पावलं मागे सरका. अर्जेंटिनाने २००७ मध्ये कायदा करून अशनींना देशाचा सांस्कृतिक वारसा ठरवलं. त्याआधी, १९९० मध्ये, एका अमेरिकन विक्रेत्याने काम्पो देल सिएलोचा 'एल चाको' नावाचा, सुमारे २९ टनांचा ठोकळा पळवायचा प्रयत्न केला होता आणि पोलिसांनी अडवला होता. तुमच्या कपाटातला काम्पो कधी बाहेर आला असेल? मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून विचारत नाही. तुमच्याकडे त्याचं बिल आहे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्याकडे काय? भारतात पडलेली अशनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, म्हणजे जीएसआयकडे जमा व्हावी अशी व्यवस्था आहे. नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ रोजी अशनी पडल्या. त्यातल्या एका तुकड्यात पुढे भारतीय संशोधकांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडलं. पृथ्वीच्या खोल आवरणाचा मोठा भाग या खनिजाचा आहे, पण वर येता येता ते टिकत नाही, म्हणून पृथ्वीवरचा नमुना हातात घेऊन बघणं जवळपास अशक्यच. काटोलचे सगळे तुकडे कुणाच्या ना कुणाच्या शोकेसमध्ये गेले असते तर ही गोष्ट कळलीच नसती. मला वाटतं, ही बाजू परदेशी दगड घेतानाही डोक्यात असावी. काटोलचा तुकडा उद्या जर्मनीतल्या कुणी 'जुन्या संग्रहातला' म्हणून विकायला काढला तर तुम्हाला कसं वाटेल, तसंच विंडहुकमधल्या माणसाला वाटत असणार.

पण म्हणून छंद सोडा, असं मी म्हणणार नाही. खासगी शोधकांशिवाय हे शास्त्र इतकं पुढे आलंच नसतं. अमेरिकेत हार्वी निनिंगर गावोगावी फिरून शेतकऱ्यांना अशनी कशी ओळखायची ते शिकवायचे, त्यांच्याकडून विकतही घ्यायचे; त्यांच्या संग्रहाचा एक मोठा भाग लंडनला गेला आणि दुसऱ्या भागातून अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. सहाराच्या बहुतेक अशनी भटक्यांनी आणि मोरोक्कोतल्या व्यापाऱ्यांनी शोधल्या नसत्या तर वाळूत पडून गंजून गेल्या असत्या. बाजार वाईटच असतो, असं नाही. निनावी बाजार वाईट.

आता कागदांकडे. विक्रेत्याच्या 'प्रमाणपत्रा'ची किंमत ते छापण्याच्या खर्चाइतकी असते, कारण ते त्यानेच छापलेलं असतं. त्याला पुढचं विचारा आणि लेखी उत्तर घ्या: ही चकती कुणाच्या संग्रहातली? त्या माणसाने कुणाकडून आणि कोणत्या साली घेतली? मूळ तुकडा केवढा होता, तो कुणी आणि कधी कापला? जुनी चिठ्ठी, जुनं बिल, संग्रहालयाचा अदलाबदलीचा कागद, यातलं काय आहे? नामिबियातून बाहेर येतानाचं काही? प्रामाणिक विक्रेता या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्यांतले काही जण इतके खूश होतात की तीन पानी मेल पाठवतात. जो म्हणतो "आमच्यावर विश्वास नाही का?", त्याला 'नाही' म्हणून मोकळे व्हा.

सहाराच्या दगडांसाठी तपास सोपा आहे. नाव दिलेल्या प्रत्येक अशनीची नोंद मीटिओरिटिकल सोसायटीच्या डेटाबेसमध्ये असते. तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. आज त्यात सत्तर हजारांहून जास्त नावं आहेत. नाव मिळावं म्हणून शोधणाऱ्याला २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत ठेवावं लागतं. तुमच्या बिलावर 'एनडब्ल्यूए' (नॉर्थवेस्ट आफ्रिका) आणि पुढे एक क्रमांक असेल. तो तिथे टाका. प्रकार जुळतो का ते बघा, आणि मुख्य म्हणजे एकूण वजन बघा. नोंदीत एकूण वजन ३०० ग्रॅम असताना एकच विक्रेता अर्धा किलो विकत असेल, तर पुढचं तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तारणापेक्षा कर्ज मोठं झालेलं तुम्ही पाहिलेलं आहे. क्रमांकच नसेल तर ती वर्गीकरण न झालेली अशनी. घ्यायला हरकत नाही, पण भाव त्या मानाने द्यायचा. विक्रेता इंटरनॅशनल मीटिओराइट कलेक्टर्स असोसिएशनचा सदस्य असेल तर त्याचा सदस्य क्रमांक त्यांच्या यादीत पडताळून बघा. तेवढ्याने सगळं सुरक्षित होत नाही, पण तक्रार करायला एक दार तरी असतं.

मुलाच्या बॅगेबद्दल मी कडक बोलणार आहे. नको. तो तिकडे व्हिसावर नोकरी करतोय. जिचा मागचा प्रवास तुम्हालाच माहीत नाही अशी, दुसऱ्या देशाचा वारसा असलेली वस्तू तो दोन विमानतळांवरून नेणार. कुणी विचारलं तर उत्तर त्याला द्यायचंय, तुम्हाला नाही. आणि 'कस्टमची कटकट नाही' याचा सरळ अर्थ 'कस्टमला सांगणार नाही' असाच होतो ना? मागवायचंच असेल तर कुरिअरने, खऱ्या किमतीच्या बिलासह, 'संग्रहासाठी अशनीचा नमुना' असं स्पष्ट लिहून मागवा आणि जो कर बसेल तो भरा. बरेच विक्रेते आपण होऊन विचारतात, "किंमत वीस डॉलर लिहू का? भेटवस्तू लिहू का?" नाही म्हणा. पार्सल हरवलं तर विमाही वीस डॉलरचाच मिळेल. शिवाय ते खरं बिल हाच तुमच्या संग्रहाचा पुढचा सातबारा आहे.

गुंतवणुकीचं थोडक्यात उरकतो, कारण यात फार दम नाही. अशनींना सोन्यासारखा रोजचा भाव नसतो. विकायला काढाल तेव्हा भारतात घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि परदेशी विक्रेता घेईल तो स्वतःचा नफा ठेवून, म्हणजे तुम्ही दिलेल्या किमतीच्या बराच खाली. वर, नवा माल आला की जुन्याचा भाव पडतो. चंद्रावरून आलेल्या अशनी एकेकाळी ग्रॅमला हजार डॉलरच्या वर जात. वाळवंटातून त्या एकामागून एक सापडायला लागल्यावर भाव कितीतरी खाली आला. काही अशनींचे भाव वाढतातही, पण कुठली वाढेल हे आधी सांगणारा माणूस बहुधा तीच विकत असतो. एफडी एफडीच्या जागी राहू द्या. दगड आवडतो म्हणून घ्या, आणि घातलेले पैसे गेले असं धरून चाला.

आता घरचं. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की बायकोला दगडच दिसणार. आणि त्याच पानावर सहज लिहून गेलात की त्यांनी भूगोल शिकवला. म्हणजे ज्वालामुखी, पृथ्वीचं अंतरंग, निकेल आणि लोखंडाचा गाभा, हे सगळं त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं! सिखोते-अलिनचा तुकडा कुठला आणि तो अंगठ्याने दाबल्यासारखा का दिसतो, हे त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. १२ फेब्रुवारी १९४७ला रशियाच्या अतिपूर्व भागात भर सकाळी पडलेलं ते लोखंड आहे. आणि आयेंदेच्या त्या नखाएवढ्या कपच्यावर भिंगातून पांढरे ठिपके दिसतात का ते बघा. फेब्रुवारी १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या या अशनीतले ते ठिपके सुमारे ४५६ कोटी ७० लाख वर्षांचे आहेत. आपल्या सूर्यमालेत तयार झालेले याहून जुने घन कण अजून माहीत नाहीत. चौथी-पाचवीला सूर्यमाला शिकवलेल्या बाईंना हे दाखवायचं सोडून तुम्ही कपाटाची किल्ली लपवताय.

माझा अंदाज आहे की त्यांना दगडाचा त्रास होणार नाही, आकड्याचा होईल. आणि त्यांचं बरोबर असेल. निवृत्तीचे पैसे दोघांचे आहेत. तीस हजार आणि चार लाख यांच्यामध्ये जी जागा आहे, ती गिबिऑन आल्यावर जवळपास सहा लाखांपर्यंत जाईल, आणि मग ते सांगणं आणखी कठीण होईल. म्हणून नवीन काही घेण्याआधी जुना हिशेब सांगा. सगळा, एकदाच, बिलं समोर ठेवून. हप्त्याहप्त्याने नको. रागावतील, रागावू द्या. त्यानंतर दोघं मिळून वर्षाला किती, हा आकडा ठरवा. तो पंचवीस हजार असो की शून्य, या वर्षी तो पाळा.

अजून एक कारण आहे. तुम्हाला उद्या काही झालं तर त्या कपाटाचं काय करायचं हे आज फक्त तुम्हाला माहीत आहे. अशा किती संग्रहांचे तुकडे चिठ्ठ्यांशिवाय मिसळतात, आणि चिठ्ठी गेली की अशनी विज्ञानाच्याही उपयोगाची राहत नाही आणि विकायच्याही. एक वही करा: क्रमांक, नाव, वजन, कुणाकडून, कधी, किती रुपयांना, बिलाची प्रत. प्रत्येक डबीत क्रमांकाची चिठ्ठी. वहीच्या शेवटच्या पानावर लिहा की माझ्यामागे हे कुणाला विचारून काय करायचं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. अशा संस्थेशी किंवा भूशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या महाविद्यालयाशी आताच बोलून ठेवा. मुलाला यात रस नसेल तर नसू द्या, पण वही कुठे आहे ते त्याला माहीत हवं.

लोणारची 'उल्का' वहीत लिहू नका. तुमचा हिरमोड होणार आहे, पण लोणारच्या विवरात मूळ अशनीचा तुकडा आजवर कुणालाही मिळालेला नाही. त्या आघातात ती जवळजवळ सगळी वितळून, वाफ होऊन गेली. तुमच्याकडे जो आहे तो बहुधा आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट, फार तर आघाताच्या उष्णतेने वितळून झालेली काच. चुंबक चिकटतं म्हणून तुम्हाला खात्री वाटली, ना? महाराष्ट्रात चुंबकावर भरवसा ठेवू नये. आपल्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं, त्यामुळे अंगणातला दगडही थोडाफार चिकटतो. आणि ज्या दगडात बुडबुड्यांची भोकं दिसतात, तो 'जळालाय' म्हणून लोक अशनी समजतात. अशनीत अशी भोकं जवळपास कधीच नसतात. भोकांचा दगड म्हणजे लाव्हा किंवा भट्टीतून निघालेली धातूची मळी. लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, तिथून दगड उचलायला परवानगी नाही. त्या मुलाला दोष नाही, पण पुढच्या खेपेला त्याला पैसे द्यायचे तर वाट दाखवल्याबद्दल द्या.

मग या वर्षी काय घ्यावं, असं तुम्ही विचारालच. मला विचाराल तर थिन सेक्शन. साध्या दगडी अशनीचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप, काचपट्टीवर चिकटवलेला. सव्वादोन लाखांच्या तुलनेत किंमत किरकोळ. जुना मायक्रोस्कोप आणि ध्रुवीकरणाच्या दोन फिल्टरपट्ट्या मिळवा. त्या कापात कॉन्ड्रूल नावाचे गोल दाणे निळे, जांभळे, केशरी दिसतात, आणि फिल्टर फिरवला की रंग बदलतात. आजवर पडताना पाहिलेल्या अशनींपैकी सुमारे ८५ टक्के याच सामान्य जातीच्या, म्हणून बाजारात त्यांना मान नाही. मी तर म्हणेन, गिबिऑनच्या नक्षीपेक्षा बघण्यासारखं यात जास्त आहे.

आणि फुकटचं हवं असेल तर गच्ची आहे. यॉन लार्सन हा नॉर्वेचा जॅझ गिटारवादक. त्याने घरांच्या छपरांवरची धूळ चाळून त्यात आकाशातून पडलेले सूक्ष्म कण सापडतात हे दाखवलं, आणि २०१७ मध्ये शास्त्रज्ञांसोबत त्याचा शोधनिबंध आला. कण साधारण ०.३ मिलिमीटरचे, म्हणजे बारीक रव्याच्या कणाएवढे. पन्हाळीच्या तोंडाशी साचलेला गाळ घ्या, धुवा, वाळवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने काळा भाग वेगळा करा आणि मायक्रोस्कोपखाली बसा. पुण्यात बेसॉल्टची धूळ आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांच्या गोळ्या वैताग आणतील. फटाक्यांतूनही असेच लोखंडी गोळे पडतात, तेव्हा दिवाळीच्या आसपासचा गाळ घेऊ नका. या कामात दोन जोड्या डोळे लागतात.

मग गिबिऑनला कायमचं नाही म्हणायचं का? तसं नाही. विक्रेत्याने वरच्या प्रश्नांची उत्तरं कागदांसह दिली, चकतीचा प्रवास वसाहतकाळातल्या एखाद्या संग्रहापर्यंत मागे जुळला, घरात आकड्यावर एकमत झालं, आणि माल खऱ्या बिलाने कुरिअरमधून येणार असेल, तर घ्या आणि बिनधास्त घ्या. यातली एक जरी गोष्ट अडली तर सोडून द्या. माझा अंदाज पहिल्याच पायरीवर अडेल असा आहे, पण विक्रेत्याने मला खोटं ठरवलं तर आनंदच आहे.

राहिला काम्पोवरचा तपकिरी थेंब. काम्पो यासाठी बदनामच आहे. हजारो वर्षं जमिनीत राहून क्लोराइड क्षार लोखंडाच्या फटींत मुरलेले असतात. पावसाळ्याची दमट हवा लागली की आतून गंज सुरू होतो आणि असे थेंब बाहेर येतात. नळाच्या पाण्याने धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसू नका, देवघरातलं तेल तर अजिबात नको. पितळी तारांच्या ब्रशने सुटा गंज काढा. ९९ टक्क्यांवरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही दिवस बुडवून ठेवा. ते पिवळं पडलं की बदला. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस किंवा निरंजन नको. मग पूर्ण उडून गेल्यावर टेबललॅम्पच्या उबेला नीट वाळवा आणि संग्रहालयात वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण पातळ चोळा. मेण फक्त लोखंडी तुकड्याला, सहाराच्या दगडांना नाही. त्यांच्याजवळ ते शक्तिशाली निओडिमियम चुंबकही नेऊ नका, दगडात साठलेली चुंबकत्वाची जुनी नोंद पुसली जाते. सगळे तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यांत, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा, आणि मण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेच्या ओव्हनमध्ये कोरडे करून परत घाला. घामट हातांनी लोखंड धरू नका. नक्षी असलेल्या चकतीवर गंज चढला तर घरी नायट्रिक आम्लाचे प्रयोग करू नका, जाणत्याकडून पुन्हा घासून घ्या. हे सगळं या आठवड्यातच करा. ऑगस्ट संपेपर्यंत थांबलात तर त्या तुकड्याचे पापुद्रे सुटायला लागतील.